जुळ्या भावाचं प्रकरण

४ जानेवारी

माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, रोज चार ओळी लिहीत जा, हात मोकळा होतो. प्रबंध सोडून काहीही लिही, असंही म्हणाल्या. सात वर्षांत हे त्या पहिल्यांदाच म्हणाल्या, त्यावरून माझी अवस्था बाहेरून कशी दिसत असेल याची कल्पना आली. म्हणून ही वही.

तर आधी परिस्थिती लिहून ठेवते. ३१ मार्च, संध्याकाळी पाच. तोवर चार बांधीव प्रती विद्यापीठाच्या खिडकीवर पोचल्या नाहीत तर माझी नोंदणी रद्द. ही तिसरी मुदतवाढ आहे आणि चौथी नसते. नोंदणी गेली की विभागात मला शिकवायला मिळतात ते तासही गेले. वय एक्केचाळीस. दुसरं काही करता येतं का, या प्रश्नाला मी बरीच वर्षं बगल दिली आहे.

विषय आशियाई लोकप्रिय संस्कृती. नातेवाइकांना सांगितलं की ते म्हणतात, म्हणजे टीव्ही बघायचा? हो, टीव्हीच बघायचा. पूर्वेकडच्या एका देशातली पस्तीस वर्षांपूर्वीची मालिका, चौसष्ट भाग, बंदरावर राहणारं एक कुटुंब. मोठा भाऊ, धाकटा भाऊ, मधल्या भावाची विधवा, म्हणजे वहिनी. आपल्याकडे ती कधीच अधिकृतपणे आली नाही. कुणा अज्ञात चाहतीने तिला आपल्या भाषेतली सबटायटल्स लावली आणि इंटरनेटवर सोडून दिली. फाईलवर नाव फक्त ‘टाचणी’. माझा प्रबंध या टाचणीवर आहे. तिच्या दोन फाईली आहेत, एक लांब, एक आखूड. आखूड फाईल म्हणजे शब्दशः भाषांतर आणि लांब फाईल म्हणजे तिने त्यात स्वतःचं काय काय घातलं ते, असं धरून मी दोन्हींची ओळीला ओळ लावून तुलना केली. तिने भर घातल्याच्या चारशे बारा जागा सापडल्या. त्यांवर माझी तीन प्रकरणं उभी आहेत.

प्रबंधात मी ‘उपशीर्षके’ लिहिते. घरी सबटायटल्स म्हणते. बाबा ‘खालची अक्षरं’ म्हणतात.

बाबा शेजारी बसून बघतात. आज अकरावा भाग पुन्हा लावला होता. ‘हा कोण?’ ‘धाकटा भाऊ.’ पाच मिनिटांनी पुन्हा, ‘हा कोण?’ मला छळायची त्यांची जुनी रीत आहे ही. तिसऱ्यांदा मी उत्तरच दिलं नाही.

९ जानेवारी

बाबांनी घरभर खडूने बाण काढलेत. त्यांच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत, बाथरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत. पस्तीस वर्षं मोजणी खात्यात सर्व्हेअर होते, हातातली मापाची साखळी सुटली तरी डोक्यातली सुटत नाही. म्हटलं, हे काय? म्हणाले, ‘मोजणी चालू आहे, डॉक्टरीणबाई, तुम्ही तुमचं बघा.’ डॉक्टरेट मिळायच्या आधीपासून मला डॉक्टरीणबाई म्हणतात. पुसून काढायला वेळ नाही.

विभागात नवीन फतवा. परकीय भाषेतल्या साहित्यावर काम असेल तर ती भाषा जाणणाऱ्या व्यक्तीने भाषांतर तपासल्याचं प्रमाणपत्र जोडायचं. मॅडमनी हात झटकले, ‘औपचारिकता आहे गं.’ पण मला ती भाषा येत नाही. सहा महिन्यांचा वर्ग केला होता, त्यात चाळीसपर्यंत आकडे आणि ‘आभारी आहे’ इतकं आलं. मॅडमना तेवढंही येत नाही. आम्ही उत्तरवसाहतवादाबद्दल तास तास बोलू शकतो आणि त्या मालिकेतल्या माणसाने पाणी मागितलं तर आम्हाला कळणार नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की समितीतल्या कुणाला तरी येत असेल. समितीला बहुधा वाटत होतं मला येते.

१२ जानेवारी

तळमजल्यावर नव्या भाषाशिक्षिका आल्या आहेत, त्याच देशातल्या. तिशीच्या असतील. आपली भाषा पुस्तकातल्यासारखी स्वच्छ बोलतात. त्यांना दहा प्रसंग आणि टाचणीच्या दोन्ही फाईली दिल्या. त्या दोन्ही हातांनी पेनड्राइव्ह घेऊन म्हणाल्या, ‘मी आनंदाने बघेन.’ मला त्यांची आत्ताच कीव येते आहे. की माझी?

२३ जानेवारी

त्यांनी बोलावलं. टेबलावर दहा कागद ओळीने मांडले होते.

‘ही फार सुंदर कथा आहे,’ म्हणाल्या, ‘पण ती ही मालिका नाही.’

अकराव्या भागात वहिनी मोठ्या भावासमोर उभी राहून म्हणते, ‘तुम्ही ऐका किंवा ऐकू नका, मी बोलत राहणार आहे.’ माझ्या प्रबंधाचं शीर्षक या ओळीवरून आहे. एका परिसंवादात मी ती वाचली तेव्हा मागच्या रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. भाषेच्या बाई खाली मान घालून म्हणाल्या, ‘इथे ती म्हणते, बर्फ संपला आहे, उद्याचे मासे कुठे ठेवायचे.’

‘आखूड फाईलमध्ये “मी बोलतेय” आहे,’ मी म्हटलं. ‘शब्दशः ते तरी...’

‘तेही नाही. बर्फच आहे.’

‘आणि जुळा भाऊ?’

जुळा भाऊ हे माझं चौथं प्रकरण. धाकटा भाऊ समुद्रात बुडून मरतो आणि मग त्याचा जुळा घरात येऊन राहतो. त्यावर मी बावीस पानं लिहिली आहेत, दुभंगलेला पुरुष वगैरे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं आता या बाई उठून माझा हात धरतात.

‘जुळा नाही. तो मरत नाही. तो दुसऱ्या गावी नोकरीला जातो आणि परत येतो.’

दहाही प्रसंग असेच. प्रमाणपत्र देता येणार नाही याबद्दल त्यांनी माझी तीनदा क्षमा मागितली.

२४ जानेवारी

बावीस पानं.

२७ जानेवारी

मॅडमकडे गेले. खोलीत दोन खुर्च्या, एकीवर कायम जुने प्रबंध असतात, म्हणून विद्यार्थी उभे. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मॅडमनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, ‘हे कुणाकुणाला माहीत आहे?’

‘तुम्हाला, मला, त्यांना.’

‘मग त्यांच्याकडून प्रमाणपत्र घ्यायचंच कशाला? नियमात काय आहे, भाषा जाणणारी व्यक्ती. टाचणीला शोध. तिने सबटायटल्स केली म्हणजे तिला भाषा येते. सही घे, जोड, मोकळी हो. परीक्षकांना कुठे येते?’

‘पण मॅडम, ते खोटं आहे.’

‘सात वर्षं तुझी गेलीत तशी माझीही गेलीत,’ म्हणाल्या. आवाज चढवला नाही. त्यांची निवृत्ती जूनमध्ये आहे आणि त्यांच्या नावावर शेवटची विद्यार्थिनी मी. बाहेर आल्यावर जिन्यात मला त्यांचा राग यायला हवा होता, पण सुटका झाल्यासारखं वाटलं. हे खरं आहे म्हणून लिहून ठेवते.

६ फेब्रुवारी

चाहत्यांच्या संकेतस्थळावर नऊ वर्षांपूर्वी फाईल चढवणाऱ्याला पंधरा संदेश पाठवले होते. आज त्याचं उत्तर आलं. टाचणी ही त्याची मामी. पत्ता दिला. ‘मामी खूश होईल, तिला कोणी काही विचारत नाही,’ असं लिहिलंय.

आज बाबांनी मला विभागात चार वेळा फोन केला, कुठे आहेस म्हणून. चौथ्या वेळी मी तासावर होते, वर्गासमोर फोन वाजला, मुलं हसली. घरी आल्यावर मी नको तितकं बोलले. ‘बाबा, मला सारखं सारखं काही विचारत जाऊ नका, माझा जीव टांगणीला लागलाय.’ ते हो म्हणाले. नंतर त्यांच्या टेबलावर चिठ्ठी दिसली, त्यांच्या त्या सुबक नकाशावरच्या अक्षरात: ‘मुलगी – खोली डावीकडे. फार कामात असते. विचारायचं नाही.’ असा टोमणा मारायचा म्हणजे कमाल आहे. मला हसूही आलं आणि नाकाला मिरच्याही झोंबल्या.

१६ फेब्रुवारी

टाचणी तिसऱ्या मजल्यावर राहते. खाली कपडे लहानमोठे करून देण्याचं दुकान आहे, तिथेच तिने आयुष्यभर काम केलं. दातांत सतत टाचण्या धरून बोलायची म्हणून नवऱ्याने ठेवलेलं हे नाव. वय पंच्याहत्तरच्या आसपास, पाठीत जरा वाकलेली. मी मावशी म्हटलं. रेकॉर्डर लावायला तिची हरकत नव्हती. जे झालं ते जसंच्या तसं उतरवते.

‘मावशी, तुम्ही ती भाषा कुठे शिकलात?’

‘कुठली गं?’

‘मालिकेतली.’

‘मला कुठे येते!’ असं म्हणून ती हसायलाच लागली.

नवरा जहाजावर इंजिनखोलीत फिटर होता. एकदा जहाज दुरुस्तीला अडकलं म्हणून दोन वर्षं त्या देशातल्या बंदरात राहिला. येताना चौसष्ट भागांच्या डिस्कांचा डबा घेऊन आला.

‘म्हणजे त्यांना यायची भाषा?’

‘ते म्हणायचे येते. रोज संध्याकाळी एक भाग लावायचे आणि मला सांगायचे, ही काय म्हणाली, तो काय म्हणाला. मी आपली तुरपाई करत ऐकायची. दुसऱ्या डिस्कवर धाकटा भाऊ समुद्रात गेला, मेला म्हणाले. मी रडले चांगली. तिसरी डिस्क लावली, तर बसलाय पठ्ठ्या जेवत. मी म्हटलं, अहो, हा मेला होता ना? तर उठून डिस्कांचा डबाच चाळायला लागले. आणि मग काय म्हणतात? हा जुळा!’

‘मग तुम्ही?’

‘मी म्हटलं, तरीच! चेहरा किती मिळतो.’

‘त्यांना काहीच येत नव्हतं, हे तुम्हाला कळलं आणि तुम्ही बोलला नाहीत?’

‘कशाला बोलायचं? दिवसभराचा दमलेला माणूस रोज तासभर माझ्यासाठी बोलत होता.’

पुढे इंजिनाच्या आवाजाने त्याचे कान पार गेले. त्याला अजून सांगता यायचं, पण हिने बोललेलं त्याला पोचेना. मग भाच्याने कॉम्प्युटरवर शिकवलं आणि हिने त्याचंच बोलणं आठवून आठवून खाली अक्षरं बसवली, त्याचं त्याला वाचायला. ही लांब फाईल.

‘आणि आखूड?’

‘ती चार वर्षांनी. वाचलेलं टिकेना त्यांना. वरची ओळ वाचून खालच्या ओळीला येईपर्यंत वरची गेलेली. म्हणून आखूड केलं.’

‘विसरायला लागले?’

‘आधी तर हसूच यायचं गं. मला वाटायचं, छळतात मुद्दाम. एकच गोष्ट पाच पाच वेळा विचारायचे. मी चिडायचे. त्याचंच वाईट वाटतं, मी चिडले त्याचं. बाकी कशाचं नाही.’

ती बराच वेळ त्यावर बोलत राहिली. रेकॉर्डरची बॅटरी संपत आली होती आणि मला मुद्द्यावर यायचं होतं. मी तिला परत भाषेच्या प्रश्नावर आणलं. प्रमाणपत्राचा मजकूर वाचून दाखवला: मला ही भाषा उत्तम अवगत असून भाषांतर मी तपासले आहे.

‘याने तुझं काम होतं ना? दे मग.’

‘खोटं आहे मावशी हे.’

‘जुळा भाऊ तरी कुठे खरा होता!’ म्हणाली आणि चष्मा शोधून सही केली.

निघताना तिने एक पेनड्राइव्ह दिला. तिसरी फाईल. ही भाच्याने कधी चढवली नाही, त्याला वाटलं मामीचं डोकं फिरलं. नवरा गेला त्याच्या आधीच्या वर्षातली आहे.

१८ फेब्रुवारी

तिसरी फाईल बघितली. तिचा मालिकेशी काही संबंध नाही. बंदरावर वादळ येतं आणि खाली अक्षरं येतात: ‘चहा गरम आहे. हळू.’ दोघे भाऊ मारामारी करतात: ‘घाबरू नका. ते लांब आहेत.’ एका लग्नाच्या प्रसंगात: ‘तुमच्या उजव्या हाताला बघा. मी.’ अकराव्या भागात वहिनी बर्फाबद्दल बोलते तिथे: ‘मी इथे आहे.’

चौसष्ट भाग असे. मी चारशे बारा जागा मोजल्या होत्या आणि त्या बाईचा नवरा एकाही जागी मला दिसला नव्हता.

बाबाही बघत होते. खालची अक्षरं मोठ्याने वाचत होते. ‘उजव्या हाताला बघा,’ वाचलं आणि खरोखरच उजवीकडे वळून बघितलं. तिकडे भिंत होती. मी डावीकडे बसले होते. ‘बाबा, पुरे आता थट्टा,’ म्हटलं मी.

३ मार्च

लिहिण्यासारखं काही नाही. प्रकरण चार तसंच ठेवलं आहे. जुळा भाऊ जसाच्या तसा, बावीस पानं, तळटिपांसकट. रोज सकाळी बसते आणि जे खोटं आहे हे मला माहीत आहे त्याचं शुद्धलेखन तपासते. आधी वाटलं होतं हात कापतील. कापत नाहीत. भाषेच्या बाई जिन्यात भेटतात आणि अजून मान लववून हसतात, तेवढं मात्र सोसवत नाही. हल्ली मी मागच्या दाराने जाते.

टाचणीबद्दल खरं लिहावं, सगळं फाडून नव्याने लिहावं, असं एकदा मॅडमना म्हणून बघितलं. मॅडम म्हणाल्या, ‘त्याला दोन वर्षं लागतील. आहेत?’

नाहीत.

२८ मार्च

बांधून आल्या. चार प्रती, काळ्या पुठ्ठ्याची बांधणी, सोनेरी अक्षरं. बाबांनी एक प्रत हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक पान उलटलं, वाचलं नाही, फक्त उलटलं. मग विचारलं, ‘कधी द्यायचं?’ एकतीस तारखेला पाचच्या आत, मी सांगितलं. त्यांनी खिशातून कागद काढून लिहून घेतलं. मग थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, कधी द्यायचं. मी म्हटलं, बाबा, खिशात बघा.

३१ मार्च

हे दोन दिवसांनी लिहिते आहे, तारीख तीच टाकते.

सकाळी प्रतींसोबत सुट्या जोडायच्या प्रमाणपत्रावर मॅडमची सही घ्यायला गेले होते. प्रती घरी कापडी पिशवीत, दाराजवळ. दीडला घरी आले तर पिशवी नाही. बाबाही नाहीत. खडूचे बाण दारातून बाहेर गेले होते, जिन्यावरून खाली, दुसऱ्या मजल्यापर्यंत, आणि तिथे खडू संपलेला दिसला. खालच्या शेजारीणबाई म्हणाल्या, ‘मोजणी ऑफिसला जातो म्हणाले की. टापटीप कपडे केले होते, म्हटलं काही काम असेल.’

मोजणी ऑफिस जुन्या जागेतून उठून अकरा वर्षं झाली.

आधी बागेत बघितलं, मग बस थांब्यावर, मग दवाखान्यात. शेवटी जुन्या ऑफिसच्या जागी गेले. तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. चार वाजायला दहा मिनिटं होती. बाबा दुकानातल्या बाकावर ताठ बसले होते, मांडीवर पिशवी. दुकानदाराने त्यांना पाणी दिलं होतं. मला बघून तो हळूच म्हणाला, ‘साहेबांची वाट बघतोय म्हणतात. मी बसवून ठेवलं, बाहेर ऊन होतं.’

‘बाबा, चला. उशीर होतोय.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. परक्या बाईकडे अदबीने बघावं तसं. ‘बसा बाई. साहेब अजून आलेले नाहीत.’

मला वाटलं थट्टा. खरंच, तेव्हाही एक क्षण मला तसंच वाटलं.

‘बाबा, ती पिशवी द्या. पाचला खिडकी बंद होते.’

‘ही? ही नाही देता येणार. माझ्या मुलीचं काम आहे यात.’

‘मीच तुमची मुलगी.’

‘माझी मुलगी विद्यापीठात आहे आत्ता,’ ते म्हणाले. ‘फार कामात असते. तिला सारखं काही विचारायचं नाही.’

दुकानदार काचा पुसत राहिला. मी बाबांसमोर खाली उकिडवी बसले, माझं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, घराचा पत्ता सांगितला. ते सगळ्याला मान डोलवत होते, खात्यात तक्रार घेऊन आलेल्या माणसाचं ऐकून घ्यावं तशी. मी पिशवीच्या बंदाला हात लावला. त्यांनी दोन्ही हात तिच्यावर ठेवले. पकड घट्ट होती.

‘असं करू नका बाई. सात वर्षं घातलीत पोरीने. माझ्या डोळ्यांदेखत केलंय. मला कळत नाही त्यातलं, पण चुकीचं एक अक्षर सापडायचं नाही तुम्हाला. असल्या वस्तू ज्याच्या त्याच्याच हातात द्यायच्या असतात.’

ओढून घेता आली असती. दुकानदार म्हणालाही, ताई, मी धरतो त्यांना, तुम्ही घ्या. चार वाजून वीस मिनिटं झाली होती, रिक्षाने गेले असते तर पोचले असते. मी उठले, पुन्हा हात पुढे केला आणि बाबांनी पिशवी छातीशी धरली. त्यांचे डोळे भरून आले होते. घाबरले होते ते, मला.

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

समोर भिंतीवर चष्म्याच्या आकाराचं घड्याळ होतं. पाच वाजताना त्यात काही वाजत नाही. साडेपाचच्या सुमाराला बाबा एकदम वळून म्हणाले, ‘अगं, तू कधी आलीस? हे घे तुझं. जड आहे, सांभाळून.’ आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. घरी येताना पूर्ण रस्ता मला डॉक्टरीणबाई म्हणत होते.

६ एप्रिल

नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं. तीन ओळींचं आहे. तासांबद्दल वेगळं पत्र येईल म्हणे.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाबांना घड्याळ काढायला सांगितलं कागदावर. नकाशे काढणाऱ्या माणसाने आकडे सगळे एका बाजूला लिहिले आणि गोल मात्र निर्दोष काढला. आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या सांगितल्या. बरं होण्याचं काही सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. कधीपासून आहे, असं त्यांनी मला विचारलं. मी ही वही काढून सांगू शकले असते, तारखांसकट.

मॅडमचा निरोप आहे. झालं ते वाईट झालं, म्हणतात. पण टाचणीची ती तिसरी फाईल असेल तर पाठव, परिसंवादासाठी फार वेगळा विषय होईल, तुझे आभार मानीनच. अजून पाठवलेली नाही. टाचणीला फोन करून कळवायला हवं की तिची सही वाया गेली. तेही केलेलं नाही.

१९ एप्रिल

संध्याकाळी आम्ही मालिका बघतो. बाबांना आता खालची अक्षरं पुरत नाहीत, म्हणून ती काढून टाकली आहेत आणि मी तोंडाने सांगते. कोण काय म्हणतंय हे मला माहीत नाही. सात वर्षं बघून मला फक्त बर्फाचं वाक्य माहीत आहे, तेही भाषेच्या बाईंमुळे. बाकी तोंडाला येईल ते सांगते. वहिनी दुकान काढणार म्हणते, मोठा भाऊ नको म्हणतो, असलं काहीतरी. बाबा लक्ष देऊन ऐकतात. मधेच विचारतात, ‘हा कोण?’ मी सांगते. पुन्हा विचारतात, पुन्हा सांगते.

काल धाकटा भाऊ होडीतून गेला तेव्हा मी सांगितलं, बुडाला, मेला. बाबांना वाईट वाटलं. चष्मा काढून पुसला त्यांनी.

आज तो दारातून आत आला आणि बसला जेवायला. मी जुळा म्हटलं नाही. मुद्दाम स्पष्ट सांगितलं, ‘हा धाकटा भाऊ, बाबा. काल समुद्रात बुडाला तोच.’ आणि थांबले. त्यांनी मला पकडावं म्हणून थांबले. अगं, हा मेला होता ना, एवढं म्हणाले असते तरी पुरे होतं, मी काहीही थाप मारली असती. बाबांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. तो माणूस वाडग्यात तोंड घालून जेवत होता.

‘भूक लागली असेल,’ बाबा म्हणाले. ‘जेवू दे त्याला. तुम्ही नंतर सांगा, बाई.’